पाटी कुणाच्या दारावर

हॅलो?

हो… हो, त्सुया काकूच बोलतेय. कोण, कानाए? काय गं, इतक्या सकाळी? सात दहा झालेत.

नाही, झोपले नव्हते. साडेपाचपासून उठलेय. नळ गोठलाय, त्याला गरम पाण्याची फडकी गुंडाळत बसलेय. रात्री थेंब थेंब चालू ठेवून झोपायचं, तेच राहिलं… बोल तू.

किती वेळा लावलास?… दोन्ही फोनवर?

अगं, तो नवा फोन सोड. नववर्षाला तू दिलास ना, त्याला थंडी बाधते असं तुझ्या बाबांचं म्हणणं आहे. मोज्यात घालून रजईच्या घडीत ठेवतात. तो वाजून डोंगरातलं अस्वल जागं होईल, ते नाही होणार.

आणि घरातला?… अकरा वेळा. मोजलंस होय.

संडासात असतील. नाहीतर मागच्या अंगाला मुळे काढत असतील, बर्फात पुरलेत ना. ऐकू कमी येतं, त्यात कानटोपी. घाबरू नकोस लगेच.

पण ऐक ना, मीच तुला विचारणार होते… नाही, काही झालेलं नाही. आज वाट झालेली नाही, एवढंच.

वाट गं. तुमच्या घरापासून माझ्या दारापर्यंतची. आज त्यांची पाळी. सातला ते माझ्या दारात असतात. पाटी खिळ्याला अडकवतात, एकदा खोकतात आणि परत फिरतात. गुड मॉर्निंग वगैरे काही नाही, तो खोकला म्हणजेच सगळं. आज सात झाले, सात पाच झाले, दहा झाले. खोकला नाही.

हो, तीच पाटी. अजून तीच. हाताएवढी फळी, दोरीनं गळ्यात अडकवायची, वर सात घरांची नावं. पाच घरं रिकामी झाली तरी नावं कुणी खोडली नाहीत.

नगरपालिकेची बर्फगाडी खालच्या वळणापर्यंत येते, कानाए. तिथून वर दोन म्हाताऱ्यांसाठी कोण येणार? वर आम्हीच. तू सतराव्या वर्षी गेलीस, तुझ्या लक्षात नसेल, पण नियम बदललेला नाही. पाटी ज्याच्या दारावर, त्यानं सकाळी वाट तुडवत पुढच्या घरी जायचं आणि पाटी तिथं लावायची. आता माझं पुढचं घर म्हणजे तुमचं, आणि तुमचं पुढचं म्हणजे माझं. काल मी गेले. आज ते.

बर्फ ना? कमरेएवढा. एका रात्रीत. अजून पडतोय. दार अर्धंच उघडलं माझं, छपरावरचा सगळा पुढ्यात आलाय.

थांब, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. ठेवू नकोस.

…

हॅलो? आहेस?… काही दिसत नाही. पांढरं. अर्ध्या वाटेवरचं अक्रोडाचं झाडसुद्धा दिसत नाही, तुमचं घर कुठलं दिसायला.

नाही गं, मला तर वाटतं आळस केला. परवा मलाच म्हणाले, तुझी वाट कोंबडीची आहे, त्यात धड एक माणूस मावत नाही. मी म्हटलं, आणि तुमची? ती दारू प्यायलेल्या बैलाची, सरळ म्हणून नाही. त्यावर हसले. त्याचाच राग धरला असेल.

बरं. बरं, गंमत नाही करत.

हो… विसरतात. तुला खोटं कशाला सांगू? मंगळवारी मला माझ्या सासूच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. काय करणार?… नाही, जेवण विसरत नाहीत. शेगडी विसरत नाहीत. काल काय झालं, आज वार कुठला, ते जातं.

पण वाट विसरत नाहीत, ऐक. सकाळी उठले की आधी दार उघडून खिळ्यावर हात फिरवतात. पाटी लागली की काय करायचं ते हातांना माहीत आहे. त्या वेताच्या चकत्या, पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधतो त्या, त्यासुद्धा त्याच खिळ्याला, पाटीच्या खाली. पाटी काढायची, चकत्या काढायच्या, बांधायच्या, निघायचं. पाटी नसली तर दार लावून चहा. काल काय झालं ते आठवायची गरजच नाही. ती फळीच त्यांच्यासाठी आठवते.

थांब. जरा कमी झालाय वाटतं. बघते.

…

धूर आहे. कानाए, धूर आहे तुमच्या घराचा. दिवाही दिसतो, पुढच्या खोलीतला. म्हणजे उठलेत. शेगडी पेटवलीय.

मग? सांगत होते ना. पुसून टाक डोळे. ऑफिसला जायचंय ना तुला?

काय म्हणूनच?

मार्चमध्ये त्यांना नेणार… कुठं, कावासाकीला? तुझ्याकडे?

नाही. मला नाही बोलले.

कधी ठरलं?… नववर्षाला. म्हणजे महिना होत आला.

नाही, नाही, वाईट कशाला वाटेल? तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं. तिथं दवाखाना आहे, तू आहेस, गरम पाणी नळाला येतं. इथं मी अंडी फ्रिजमध्ये ठेवते, बाहेर राहिली तर गोठतात म्हणून… हसतेस काय, खरं सांगतेय.

मी? मी कुठं जाणार? मला कोण नेणार आहे?… तसं नाही गं. तसं नाही म्हटलं मी.

मला एवढंच वाटलं, की मग मी वाट कुठपर्यंत तुडवायची?

…

हॅलो?… नाही, आहे मी. फडकं गार झालं होतं, ते बदलत होते.

काय म्हणाले होते? मी स्वतः सांगतो तिला?… कधी?… काल.

काल सांगणार होते?

अच्छा. म्हणून आत बोलावलं. मला कळेचना. इतकी वर्षं हा माणूस दारातच खोकून मोकळा होतो. काल मी वाट करून पोचले तर म्हणतात, आत ये, बूट काढ, चहा घे. तीन कप ओतले, कानाए. तीन कप. बर्फ किती पडला, गेल्या साली किती पडला, खालच्या ओनोदेराच्या सुनेला जुळी झाली. मग शेगडी सारखी केली. मग परत बर्फ. मी म्हटलं, काही हवंय का तुम्हाला? तर म्हणाले, नाही, नाही, मुळ्याचं लोणचं घेऊन जा.

हो, धुरी दिलेल्या मुळ्याचं. तुझ्या आईच्या पद्धतीचं. अजूनही स्वतः घालतात… चव घेतली नाही अजून. पिशवी तशीच पडलीय, इथं फोनखालीच… थांब, बघू किती दिलंय, तुला सांगते. लाजून दोनच मुळे दिले असतील…

…

कानाए.

पाटी इथं आहे.

माझ्या पिशवीत. लोणच्याखाली.

काल चहाला बसताना गळ्यातून काढली आणि बाजूला ठेवली. निघताना त्यांनी लोणचं दिलं, मी सगळं गोळा करून पिशवीत टाकलं. ही पण गेली. त्यांच्या दारावर लावायची राहिली. वाट करून गेले आणि लावायची राहिली, असं चाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

मी इथं बसून त्यांना आळशी म्हणतेय.

हो, तसंच. त्यांनी उठून दार उघडलं असेल, खिळ्यावर हात फिरवला असेल. पाटी नाही. म्हणजे पाळी त्सुयाची. दार लावलं असेल, चहा टाकला असेल. म्हणूनच वाट नाही. म्हणजे घरातच आहेत, कानाए, माझ्यासाठी थांबलेत.

…

हो. मग फोन का उचलत नाहीत?

पंचवीस मिनिटं झाली सातला.

ऐक ना, मी सांगते काय ते. सात झाले, मी आले नाही. त्यांच्या हिशेबानं पाळी माझी आणि मी आले नाही. खोकला इकडं ऐकू आला नाही, तसाच तिकडं माझा आवाज आला नाही. मी एकटी आहे, मला काहीतरी झालंय, असंच वाटलं असेल. मला तरी दुसरं काय वाटलं असतं?

थांब. परत बघते.

…

हॅलो. कानाए, बर्फ थांबलाय. आता स्वच्छ दिसतंय. मी सांगते तेवढं ऐक, मध्ये बोलू नकोस.

तुमचं दार उघडं आहे. दारापासून खुणा निघाल्यात. तुडवलेली वाट नाही ती, खड्डे आहेत. एकेक खड्डा कमरेएवढा, वर थोडा ताजा बर्फ पडलेला. पायात चकत्या नव्हत्या. पाटी हाताला लागली नाही ना, मग चकत्या काढायचं हातांना सुचलंच नाही. नुसत्या बुटांवर निघाले.

खड्डे अक्रोडापर्यंत आहेत. अक्रोडाच्या इकडे काही नाही.

नाही, माणूस दिसत नाही. खोडाच्या बुडाशी बर्फ पोकळ असतो, तिथं आत काही असलं तर इथून दिसत नाही.

कानाए, रडू नकोस. रडलीस तर मला तुझं बोलणं कळत नाही. नवरा आहे ना घरात? त्याच्या फोनवरून ओनोदेराला लावायला सांग, नंबर आहे तुझ्याकडे… रुग्णवाहिकेचा एकशे एकोणीस लावू नका, तिथून लावलं तर तुमच्याच शहरात लागेल, त्यांना समजावण्यात अर्धा तास जाईल. ओनोदेरा. बर्फगाडीवर असेल तो आत्ता. मी धरते.

…

हो, धरलाय. चकत्या बांधतेय, एका हातानं होत नाही.

काय म्हणाला?… वळणावर झाड पडलंय. करवत आहे त्याच्याकडे?… चाळीस मिनिटं.

बरं.

नाही, नको म्हणू नकोस. अक्रोड माझ्या दारापासून शंभर पावलांवर आहे. रोजची वाट असती तर एक मिनिट, आज पंधरा. माझ्या पायात चकत्या आहेत. त्यांच्या नाहीत.

शहात्तर. मला माहीत आहे मी किती वर्षांची आहे.

तुला एक सांगते आणि मग ठेवते. तुझे काका गेले त्या सकाळी पाटी माझ्या दारावर होती. पाळी माझी होती. मी त्यांच्या उशाशी बसून राहिले, पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. उजाडलं तेव्हा वाट तयार होती. नेहमीची नव्हती, चार माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद. शवपेटी न्यायला लागते तेवढी. पाटी तिथंच, माझ्या खिळ्याला. तिला हातही लावला नव्हता. तुझ्या बाबांनी आजवर त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही आणि मीही नाही काढला.

आज पाळी माझीच आहे, कानाए. पाटी गळ्यात घातलीय.

हो, फोन चालू ठेव. पोचले की तुमच्या घरातून लावते. त्यांना घेऊन.

एक मिनिट. जाता जाता बघते.

…

सात एकतीस. अक्रोडाच्या बुडाशी काहीतरी निळं आहे. मघाशी दिसलं नव्हतं.

त्यांचा कोट निळा आहे, हो. खोडाला मी ताडपत्री गुंडाळली होती, सशांनी साल कुरतडू नये म्हणून. तीही निळी आहे.

हलतंय.

वारा पण आहे.

नाही. याहून जास्त इथून दिसत नाही. ठेवते.