बाबांच्या गाडीचे नवे ड्रम

आमच्या बाबांची जुनी गाडी तुम्ही पाहिली आहे ना, तात्यापाऱ्यात घरासमोर उभी असायची ती? बाबा गेल्यापासून आई तिच्यात बसलीच नव्हती. या हिवाळ्यात मी ठरवलं, तिला त्याच गाडीतून तेलीबांध्याच्या तलावावर न्यायचं. त्याआधी मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम बदलायला घेतले. जुने ड्रम गंजून असे चिकटले होते, की गुढियारीचा मिस्त्री अन् मी, दोघांनी आळीपाळीनं हातोडी चालवली तेव्हा कुठं निघाले.

आई दारात येऊन म्हणाली, "काहून एवढं ठोकून राहिला रे?"

"आई, ब्रेक धड लागत नाहीत."

"तुह्या बाबाच्या वेळेस तरी कुठं लागत होते?"

नवे ड्रम बसले आणि संध्याकाळी आई खरंच येऊन पुढच्या सीटवर बसली. तलावाजवळच्या वळणावर अचानक एक गाय आडवी आली. मी ब्रेकवर पाय ठेवला अन् गाडी जागच्या जागी थांबली. गाय निवांत निघून गेली. आईकडे पाहतो तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"घाबरली का?" मी विचारलं.

"नाही रे. तुहे बाबा ब्रेकवर दणादण पाय मारत राहायचे, अन् मी खिडकीतून हात काढून ओरडायची, 'हटो भैया, हटो!' आम्ही दोघं मिळून गाडी थांबवत होतो." तिनं पदरानं डोळे पुसले. "तू तर एकट्यानंच थांबवून टाकली."