एक शीळ, तीन वाक्यं

उंब्रजच्या थांब्यावर सांगलीच्या बसची वाट बघत बसलेल्या शकुंतलाबाईंचे कान शेजारच्या बाकड्याकडे लागले होते. तिथे कोंडीबा आणि तानुबाई या जोडप्याच्या मधोमध त्यांची नात समीक्षा इंग्लिशचा अभ्यास करत होती.

"आबा, तीन वाक्यं सांगा. कुडचं, कॅनचं आन् विल बी एबलचं. म्हंजे आधी काय येत हुतं, आता काय येतंय आन् फुडं काय जमंल."

"आधीचं लिही. माझ्या येका शिळंवर समदी मेंढरं माघारी फिरायची."

"तुमच्या? आवं, कुत्रं बी मान वळवत नव्हतं."

"ए, लेकराच्या अभ्यासात तोंड घालू नगंस."

"इंग्लिशमधी हाय म्हून काय खोटं लिवायचं?"

"आबा, फुडचं सांगा."

"फुडं कवातरी तुझ्या आजीला गप बसाय जमंल."

"आन् आताचं?"

"आताबी शीळच. आलेलं कुटं जातंय?"

तेवढ्यात बस आली आणि न थांबताच पुढे निघाली. कोंडीबांनी तोंडात बोटं घातली, पण दात नसल्यानं नुसती फुंकर निघाली. मग तानुबाईंनी पदर खोचून अशी शीळ घातली, की शकुंतलाबाईंची छत्री हातातून पडली आणि बस कचकन थांबली.

कंडक्टर खाली उतरून ओरडला, "माझ्याबिगर शिट्टी कुणी मारली रं?"

"हिनं!" कोंडीबा म्हणाले. "पयल्यापास्नं हिलाच येतीया. मला कवाच आली न्हाई."

"समीक्षा, आताचं घावलं बघ," तानुबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "आबाला खरं बोलता येतंय."