तिच्या गावाचा नंबर

मी मूळचा मांजरसुंब्याचा, तितं माझा बाप ढाब्यावर भाकरी थापायचा, हो ताई, बापच, मायला न्हाई जमायच्या त्याच्यासारख्या. मला चुलीपाशी करमायचं न्हाई, मला गाडीचं येड. शाळा चौथीपस्तोर, मग ट्रकवाल्यांच्या मागं फिरून फिरून ड्रायवर झालो, आन लग्न झाल्यावर गेवराईला येऊन काळीपिवळी चालवाया लागलो. लई वर्षं चालवली. जीपमधी माणसं कशी भरायची ते तुमाला काय सांगू, चौदा आत, चार मागं लटकलेले, आन एखादी म्हातारी म्हणणार मला कावून पुढं बसवत न्हाई रे.

आमच्या स्टँडवर नंबर असायचा. जो आधी आला त्याची जीप आधी भरायची, दुसऱ्यानं पाशिंजर उचलायचं न्हाई, उचललं की मारामारी. भल्याभल्यांनी नंबर तोडला, मी न्हाई तोडला. एकदा माझा सख्खा मेव्हणा आला, म्हणला भाऊजी मला तुमच्याच गाडीत यायचंय, म्हणलं माझा नंबर तिसरा हाय, तू पुढच्या गाडीत बस आन भाडं बी दे. वर्षभर बोलला न्हाई माझ्याशी. पण स्टँडवर नाव झालं, भागवत म्हंजे नंबरचा मानूस. मला त्याचा लई अभिमान व्हता. तेच सांगतो म्या तुमाला, तो अभिमानच.

मग घरोघर मोटारसायकली झाल्या, जीपला कुणी इचारीना. तवा एक जण म्हणला, बीडला मोठ्या शहरातनं लोक आलेत, फिरत्या दवाखान्याची गाडी काढणार हायेत, ड्रायवर पाहिजे. गेलो. तितं एक मॅडम व्हती, वयानं आमच्या सारिकाएवढीच. सारिका म्हंजे माझी लेक, एकुलती एक, तलवाड्याच्या अलीकडं एका गावात दिलेली, गावाचं नाव राहू द्या. तर त्या मॅडमनी आमाला समदं समजून सांगितलं. म्हणली, बाया दुखणं अंगावर काढतात, कारण दवाखान्यात गेलं की त्या दिवशीची रोजंदारी बुडती. मग दुखणं वाढतं, मग आठ आठ दिवस खाडा पडतो. तर आमाला बघायचंय की दवाखानाच गावात गेला, फुकट तपासलं, फुकट गोळी दिली, तर बायांचे खाडे कमी होतात का. तसं दिसलं तर सरकारला दाखवू, मग समद्या जिल्ह्यात गाड्या फिरतील.

मी म्हणलं लई चांगलं हाय. तर म्हणली, पण आधी अर्ध्याच गावांत जायचं. गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, आमच्या डोळ्यादेखत. निघाली त्या गावांत यंदा गाडी, बाकीच्यांत गुढीपाडव्यानंतर. एक बाई म्हणली असं कावून, समद्यांनाच द्या की. मॅडम म्हणली, तुम्ही शेतात अर्ध्या पट्ट्यात नवं खत टाकता, अर्ध्यात टाकत नाही, तेव्हाच फरक कळतो ना. ते मला पटलं, आजबी पटतं. शेवटी म्हणली, बाकीच्या गावांत गोळ्या द्यायच्या नाहीत, नाहीतर सगळा हिशोब बिघडेल. म्या मान डोलावली. मला वाटलं, ही तर नंबरची गोष्ट हाय, ही आपल्याला येती.

सारिकाच्या गावाची चिठ्ठी निघाली न्हाई.

गाडीवर शमीम सिस्टर व्हती, गेवराईचीच, तिचे वडील मिस्त्री, माझी जीप त्यांच्याकडंच दुरुस्त व्हायची. पहिल्याच दिवशी बीपीचं मशीन चालतंय का बघायला तिनं माझाच हात धरला, आन पट्टा फुगवला, आन पुन्हा फुगवला, आन म्हणली मामा, तुमचा तर लई वाढलाय. मला तर काईच होत नव्हतं ताई. गोळी सुरू केली. सिस्टर म्हणली, हे रक्तात असतं, पोराबाळांचाबी बघून घ्या.

म्या त्याच दिवशी फोन लावला. सारिका म्हणली आबा, डोकं तर माझंबी दुखतं, पण कापूस फुटलाय, आता खाडा केला तर सासू काय म्हणंल, दुकानातनं गोळी आणून खाते मी. आन मग म्या बोललो ते बोललो. म्या म्हणलं, बरं, मग ऱ्हाऊ दे, पाडव्यानंतर तुमच्या गावाचा नंबर हाय, मीच गाडी घेऊन येतो, दारात तपासू, फुकट. ती हसली, म्हणली बाप गाडी घेऊन येणार म्हंजे गावात माझा रुबाबच हाय की. आसं म्हणली.

आमची गाडी दर बुधवारी तिच्याच गावावरनं पुढं जायची. रस्त्याला लागूनच त्यांचं रान. ती कापूस वेचत असायची, डोक्याला फडकं आवळून बांधलेलं, उन्हासाठी बांधलंय का दुखतंय म्हणून, मला लांबून काय कळणार. गाडी दिसली की उभी ऱ्हायची, हात करायची. म्या बी हात बाहेर काढायचो. दिवाळी झाल्यावर एका बुधवारी शमीम सिस्टर म्हणली, मामा थांबा की दोन मिनटं, लेकीचा बीपी बघते, कुणाला कळणारंय. आन म्या तिला काय म्हणावं. म्या म्हणलं, न्हाई सिस्टर, तिच्या गावाचा नंबर न्हाई, हिसाब बिघडतो. मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला छाती फुगवून सांगितलं, बघ, सख्ख्या लेकीसाठी बी मी नियम मोडला न्हाई. बायको म्हणली, मोडायचा की मग. म्या तिलाच रागावलो.

सुट्टीच्या दिवशी तर न्यायचं व्हतं बीडला, हे तुमी मनात म्हणत असाल, तोंडावर म्हणत न्हाई तेवढंच. मीबी तेच म्हणतो, रोज म्हणतो. पण तवा मला वाटायचं पाडवा काय लांब हाय, आता आलाच.

संक्रांत झाली आन चारच दिवसांनी जावयाचा फोन आला. रानातच पडली. आधी हातातलं ओटीतलं समदं सांडलं म्हणत्यात, मग बोलणं बोबडं झालं, मग काईच न्हाई. बीडला नेलं. मी पोचलो तर ती डोळे झाकून, श्वास तेवढा चालू, नळ्या लावलेल्या. डॉक्टर म्हणले मेंदूतली नस फुटली, बीपीनं फुटली. मग जावयाला इचारलं, हिचा बीपी कधी मोजला होता का? जावई माझ्याकडं बघाया लागला, मी डॉक्टरकडं. माझ्या खिशात गाडीची चावी व्हती ताई. ज्या गाडीत मशीन हाय त्या गाडीची. तिसऱ्या दिवशी गेली. बत्तीस वरसाची. पोरगी हाय तिला, परी, आता दुसरीत हाय.

लोकांना वाटलं भागवत आता नोकरी सोडणार. न्हाई सोडली. घरी बसून काय करू, घरी तिची माय बसलेली, भितीकडं तोंड करून. पाडवा झाला, त्या गावाचा नंबर लागला, आन गाडी मीच नेली. मारुतीच्या पाराजवळ लावली. समद्यात आधी सारिकाची सासू आली, हात पुढं केला. तिचाबी बीपी वाढलेला निघाला. सिस्टरनं गोळी दिली, म्हणली रोज घ्या आजी, चुकवू नका. ती म्हातारी माझ्याकडं बघून रडाया लागली, म्हणली इवाई, ही गोळी तिच्या नशिबात नव्हती का हो. म्या गाडीच्या मागं जाऊन उभा ऱ्हायलो. आज ती म्हातारी धडधाकट हाय. मला राग येतो तिचा, आन मग माझाच येतो, तिचा काय कसूर.

वर्षानं आमाला समद्यांना बीडला बोलावलं. मॅडमनी भितीवर चित्र दाखवलं, दोन रेघा, एक गाडी गेलेल्या गावांची, एक न गेलेल्यांची. म्हणली बघा, गाडी गेली तिथे बायांचे खाडे कमी झाले, कामाचे दिवस वाढले, आता आपण सरकारला सांगू शकतो. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. म्या बी वाजवल्या, हात आपोआप वाजले. मी त्या दुसऱ्या रेघेकडं बघत व्हतो. तिच्यात माझी लेक हाय, एवढंच मनात येत व्हतं.

समदे जेवायला गेले तवा मी मॅडमपाशी गेलो. तिला काईच ठाऊक नव्हतं. म्या समदं सांगितलं, मग इचारलं, मॅडम, म्या त्या दिवशी दोन मिनटं गाडी थांबवली असती, एका बाईचा बीपी बघितला असता, तर तुमचा हिसाब किती बिघडला असता?

ती म्हणली, मामा, काहीच बिघडलं नसतं. एका बाईनं काही होत नाही. आजारी माणूस दिसला तर गाव कुठलंही असो, तपासायचं, दवाखान्यात पोचवायचं, असं आमच्या कागदात लिहिलेलंच आहे. तुम्ही विचारायचं होतं. मग म्हणली, आम्ही सांगायचं होतं. मग नुसतीच रडाया लागली. म्याच तिला पाणी दिलं.

तिच्यावर माझा राग न्हाई. पोरगी चांगली हाय, काम बी चांगलं हाय, आता गाड्या वाढणार म्हणत्यात, वाढू द्या, लेकीबाळींचं भलं होऊ द्या. तुमाला लेक असंल तर देव तिला उदंड आयुष्य देवो. पण मला ते कागदातलं एक वाक्य गिळता येत न्हाई. नियमानं लेक गेली असती तर नियमाला शिव्या दिल्या असत्या. नियम तर थांब म्हणत व्हता. मीच थांबलो न्हाई.

हे मॅडमचं बोलणं म्या घरी सांगितलेलं न्हाई. सारिकाच्या मायला अजून वाटतं की मोठ्या लोकांचा कायदा व्हता, तिचा नवरा तरी काय करणार. तेवढ्यावर ती माझ्यासंगं एका ताटात जेवती. तुमी लिहून घेताय ते घ्या, काटछाट करू नका, तिला वाचता येत न्हाई. परीला येतं. ती शिकून मोठी होईल, एखाद्या दिवशी हे तिच्या हातात पडंल, आन ती येऊन मला इचारील, आबा, तुमी गाडी का थांबवली न्हाई. मी तवर जगलो तर तिच्यासमोर खाली बसून सांगीन, मला कुणीच अडवलं नव्हतं बाई.