देवीच्या विहिरीची बाटली

तेजस्वी : तीन दिवस फोन करतेय, काका. उचलत का नाही? शेवटी मीच भेटायला आले.

रामभाऊ : हळू बोल. नाक्यावर आमचीच माणसं बसलीत.

तेजस्वी : विहिरीचं पाणी बंद केलं का गावाने?

रामभाऊ : बंद? आधी अर्धी घरं बोअरचं प्यायची. तुझा मेसेज आला आणि आता सगळे हट्टाने विहिरीचंच पितात.

तेजस्वी : पण तपासणीची बाटली काळी पडली होती, म्हणजे पाण्यात जंतू असू शकतात. फोटोसकट टाकलं मी पाणी तपासणी शिबिराच्या ग्रुपवर.

रामभाऊ : शिबिरात आपली जोडी लावली तेव्हा शिकवणाऱ्या ताई काय बोलल्या? एक गावातला, एक विहाराकडची. काय सापडेल ते पहिलं जोडीदाराला सांगायचं. ग्रुपला नंतर.

तेजस्वी : मला वाटलं, एक तासही घालवू नये.

रामभाऊ : मी घरोघर जाऊन बोललो असतो ना. आता गावात एकच बोलणं, विहाराकडची पोरगी आमच्या देवीची विहीर बाटवायला निघाली.

तेजस्वी : 'जिवाणू असण्याची शक्यता', एवढंच लिहिलंय मी.

रामभाऊ : वाचतो कोण? तुमच्या टाकीची बाटली भरलीस का?

तेजस्वी : नाही.

रामभाऊ : का गं?

तेजस्वी : आमच्याकडे नळाचं येतं. चांगलंच असेल, असं धरून चालले. चुकलं माझं. तुलनेला तरी घ्यायला हवं होतं.

रामभाऊ : आणि बीएस्सी झालीस.

तेजस्वी : आज भरते. तुम्ही समोर उभे राहा. उद्यापर्यंत कळेल.

रामभाऊ : उद्या कशाला? आत्ताच लिही, दोन्हीकडचं खराब. मग आमचे लोक उकळतील तरी.

तेजस्वी : न तपासता कसं लिहू, काका?

रामभाऊ : माझ्या सुनेसाठी लिही. दोन दिवस उलट्या चालल्यात. सकाळी डोळे पिवळे दिसले.

तेजस्वी : स्वप्नालीला? तिला आठवा महिना ना? काका, अशा दिवसांत कावीळ जिवावर बेतते. आधी दवाखान्यात न्या.

रामभाऊ : तिची सासू, रखमा, सोडत नाय. सुनेला नेलं की लोक बोलणार, विहिरीनेच झालं. काविळीची माळ घातलीय गळ्यात. माळ लांबली की उतरेल, बोलते.

तेजस्वी : आणि तिचा नवरा? विनीत कुठेय?

रामभाऊ : पुण्याला कामावर. संध्याकाळी पोचेल.

तेजस्वी : तोपर्यंत थांबू नका. मी रिक्षा आणते. मागच्या बाजूला, शाळेच्या भिंतीला उभी करते. कोणाला दिसणार नाही.

रामभाऊ : तेवढं चालवणार नाय तिला.

तेजस्वी : मग?

रामभाऊ : दारात आण.

तेजस्वी : नाक्यावरून यावं लागेल, काका.

रामभाऊ : माहितीये. आणि रिक्षात बसून राहू नकोस, आत ये. एका बाजूने मी धरतो, दुसऱ्या बाजूला कोणीतरी लागेल.