रिठदच्या मांडवात चिरलेला बास

यंदाच्या मे महिन्यात, रिठदच्या एका लग्नाच्या मांडवात, ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या थोडं आधी, मी बनवलेला बास, म्हंजे खालच्या सुराची गिटार, चिरला. टिक असा आवाज आला, बस. सलीमभाईनं माह्याकडं पाह्यलं, मी बासकडं.

मी दिगंबर, मंगरूळपीरचा सुतार. बाप दारं-चौकटी करे, मलेही तेच येत होतं, पन तरुनपनी नागपुरात वाद्यं दुरुस्तीच्या एका दुकानात राह्यलो, तिथं हार्मोनियम खोलल्या, गिटारी खोलल्या, अन् मन तिकडंच गेलं. गावात परत आलो तं लोक म्हनत, दिगूभाऊ, दिवान करा, कपाट करा, हे टुनटुन कायले. करतो ना, दिवानही करतो, पोट हाय.

सलीमभाई ऑर्केस्ट्रात बास वाजवते. त्याच्यापाशी त्याच्या उस्तादचा जुना बास होता, साठ-सत्तर सालातला, अर्धा पोकळ. काय सांगू तुमाले, बाहेरून पाहाल तं मोठी गिटारच, मधात भरीव ठोकळा, दोन्ही बाजूले पोकळी, अन् वरून पातळ फळी. त्याले उधई लागली, लाकूड पोखरलं. सलीमभाई म्हने, दिगूभाऊ, हुबेहूब असाच नवा करून द्या. मी म्हनलो, बाजारात भरीव भेटते ना, तो घे. म्हने, तो दगड आपटल्यावानी वाजते, मले उशी आपटल्यावानी पाहिजे.

त्याले घाई होती. ऑर्केस्ट्राचा मालक त्याले सांगून चुकला होता, कीबोर्डवाला डाव्या हातानं बास काढते, आता तू कायले पाहिजे, रिठदचं लग्न पाहू, नाही जमलं तं भावाच्या पंक्चरच्या दुकानात बस. चिडून नाही म्हने, हसून म्हने, म्हनून सलीमभाईले जास्त लागलं.

मग तो रोज माह्या घरी येऊन बसे, काम पाहे. आमच्याकडं उन्हाळ्यात पाहुना आला का आधी कूलरचं तोंड त्याच्याकडं करतात, पानी मागून देतात. माही बायको मंदा, तिनं तेच केलं. ज्या दिवशी मी वरची फळी चिकटवून राह्यलो होतो, त्या दिवशीही कूलर सलीमभाईकडं, अन् सलीमभाई बसेल फळीच्या मागं. दिवसभर ओली हवा फळीवरून जाऊन राह्यली. मी पाह्यलं नाही असं नाही, पन पाहुन्याकडचा कूलर कोन फिरवते? फळी ओल प्याली, फुगली, अन् फुगेलच चिकटली. रिठदचा मांडव वावरात, हवा कडक कोरडी. तिथं ती आखडली, अन् आखडायले जागा नव्हती.

तारांच्या बाजूले आवाजासाठी लांबट भोक असते, तिथून चीर काठाकडं निघाली होती. सलीमभाईनं जाडी तार छेडली तं आतून भनभन, डब्यात माशी कोंडल्यावानी. स्टेजवरून मालक म्हने, काय झालं रे. सलीमभाई म्हने, सूर लावून राह्यलो.

मी तारा ढिल्या केल्या. दाराची फळी चिरली का आमी चिरीच्या टोकाले बारीक भोक पाडतो, चीर तिथं येऊन थांबते. हत्यारं सारी घरी. एका बाईले सुई मागितली, ती म्हने, बटन तुटलं का भाऊ, मी म्हनलो व्हय. आचाऱ्याच्या चुलीवर सुई तापवली, भोक पाडलं, सलीमभाईच्या पेटीतला पातळ गोंद सोडला. पन गोंद धरायले वेळ पाहिजे, अन् तिकडं नवरदेव वेशीपाशी आला, ढोल ऐकू येऊन राह्यला. जाडी तार तानली असती तं चीर भोकाच्या पुढं गेली असती. सलीमभाई म्हने, जाडी ढिलीच राहू द्या, बाकीच्या तीन तारांवर काढतो. मी म्हनलो, मालकाले समजन ना बाप्पा. म्हने, त्याले आवाज मोठा का लहान एवढंच समजते.

मी साउंडच्या डब्यामागं उभा राह्यलो. लोक नाचून राह्यले होते, मले गानं ऐकूच येईना, मी फक्त चीर ऐकून राह्यलो. तिसऱ्या गान्यात खालचा सूर आला, सलीमभाईनं तो वरच्या तारेवर घेतला, अन् मालक गाता गाता वळला. सलीमभाईच्या हाताकडं पाह्यलं. कीबोर्डवाल्यालेही समजलं, त्यानं लगेच डावा हात खाली टेकवला, बास काढायले. मालकानं त्याले पंजा दाखवला, थांब. अन् पुन्हा लोकाइकडं तोंड करून गाऊ लागला.

सामान आवरताना मालक म्हने, चिरला ना रे तुहा बास. सलीमभाई म्हने, व्हय. म्हने, नीट करून आन.

घरी आलो तं मंदा म्हने, लाकूड सुकलं, तुमी सुकले, आता कोनाकडं करू कूलर. मी फळी बदलून देतो म्हनलो, सलीमभाईनं नाही म्हनलं. मग चिरीत त्याच लाकडाची बारीक पट्टी बसवली, आतून एक आधार देल्ला. पट्टीची खून अजून दिसते.

परवा वाशीमले कार्यक्रम झाला. सलीमभाईनं चारही तारा तानल्या अन् शेवटच्या गान्यापर्यंत वाजवलं.