पडद्यातल्या डॉक्टरला अंडी

नाही, तुम्हीच सांगा, काचेच्या आत बसलेल्या माणसाला अंडी द्यायची कशी? काचेवर फोडायची? हसू नका! आमच्या डोंगरातली तीन गावं दोन महिने याच प्रश्नावर अडून बसली होती, आणि त्यापायी अनुदानातून आलेलं मशीन आल्या वाटेनं परत निघालं होतं. तुम्हाला सांगतो, मी सोफ्रोन, वय सत्त्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत, तीही तिथं शेगडी पेटायची म्हणून... पण एवढं मलाही कळतं, की डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जायचं कसं? माझे वडील क्लुज शहरात दात काढायला गेले तेव्हा जिवंत बदक घेऊन गेले होते! दात निघाला, पण त्या बदकानं डॉक्टरला कुठं धरलं ते... जाऊ दे, बायका बसल्यात.

तर मशीन आणलं वेतुरियानं. वेतुरिया म्हणजे आमची नर्स. तीन गावांत एक नर्स, आणि तिची गाडी अशी, की दार दोरीनं बांधलेलं! डॉक्टर बासष्ट किलोमीटरवर, बर्फ पडला की घाट बंद, मग छातीत दुखलं तर दुखू द्यायचं. हिनं कुठूनसं ऐकलं, की खेड्यातल्या दवाखान्यांनी भागीदारीत अर्ज केला तर नव्या यंत्रांना पैसे मिळतात. अकरा महिने अर्ज लिहीत होती बाई! एकशे चाळीस पानं! मी म्हणायचो, 'वेतुरिया, एवढ्या कागदात अख्खं डुक्कर बांधून होईल गं.' ती मान वर न करता म्हणायची, 'बांधा काका, पण आधी इथं साक्षीदार म्हणून सही करा.'

आणि त्या भागीदारीला तीन सरपंचांच्या सह्या हव्या होत्या! कुरणाच्या हद्दीवरून तेवीस वर्षं अबोला हो त्यांचा, एकमेकांच्या मयताला जात नाहीत! ही तिघांकडे वेगवेगळी गेली आणि प्रत्येकाला म्हणाली, 'बाकीचे दोघं म्हणतात, तुम्ही काही सही करणार नाही.' केल्या! दोन मिनिटांत केल्या! मी जन्मभर लोकांना फसवत आलो, पण पोरीपुढं टोपी काढली.

मशीन आलं. छातीला वायरी, बोटाला चिमटा, समोर पडदा, पडद्यात क्लुजचे डॉक्टर पाकुरार. पाद्रीबाबा तीर्थ शिंपडायला आले, तर वेतुरिया मध्ये आडवी! 'बाबा, मशीनवर नको, माझ्यावर शिंपडा!' नखशिखांत भिजली, पण वायरीवर थेंब पडू दिला नाही.

आता अट अशी, की ईस्टरपर्यंत दीडशे माणसं तपासून झाली पाहिजेत, नाहीतर मशीन दुसऱ्या जिल्ह्याला. आणि दोन महिन्यांत आले किती? नऊ! त्यातले दोन नुसते शेगडीपाशी शेकायला. माझी बायको फिरुत्सा रोज मागं लागायची, 'अहो, जिना चढताना धाप लागते तुम्हाला, जा की.' मी म्हणायचो, 'अगं, पण रिकाम्या हातानं जायचं कसं?' की मग तीच म्हणायची, 'तेही खरंच. त्या माणसानं अर्धा तास घालवायचा आणि आपण नुसतं बरं येतो म्हणायचं? लाजच वाटेल.' घराघरात हेच! नर्सला सांगायची मात्र कुणाची हिंमत नाही. शेवटी मीच सांगितलं, म्हटलं आता हसेल. हसली नाही हो. म्हणाली, 'काका, तुमच्याकडं एक फळी आहे का?'

दुसऱ्या दिवशी पडद्याखाली फळी, फळीवर तिच्या आईच्या हातचा विणलेला रुमाल! पाकुरार घाबरले, 'सिस्टर, मी काही घेत नाही, नियमात बसत नाही.' ही म्हणाली, 'घेऊ नका. नुसतं बघा आणि छान म्हणा.' आणि काय सांगू, रांग लागली! चीज, अंडी, आलुबुखाऱ्याचा मुरंबा, एकीनं तर पाय बांधलेली कोंबडी! पडद्यातून आवाज, 'वा आजी, काय कोंबडी आहे!' आजी खूश, मग खुशाल वायरी लावून घ्यायची.

ईस्टरच्या आदल्या दिवशी बुखारेस्टहून तपासणीच्या मॅडम आल्या. फळी बघितली आणि पांढऱ्याफटक! 'हे काय? डॉक्टरांना भेटी? अनुदान रद्द होईल!' सगळे चिडीचूप, एकटी कोंबडी बोलत होती. म्हटलं आपण सावरून घ्यावं. 'मॅडम, हे डॉक्टरांना नाही, मशीनला आहे. मशीन खातं.' वेतुरिया म्हणाली, 'काका, बाहेर.'

गेलो बाहेर. खिडकीशी उभा राहिलो, कान काय घरी ठेवून यायचे? तिनं वही उघडली. फळीवरचं सगळं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जात होतं हो! या गावची अंडी त्या गावच्या लकवा झालेल्या म्हाताऱ्याला, त्या गावचं चीज इथल्या आंधळ्या बाईला... 'डॉक्टर एक अंडंही घेत नाहीत,' म्हणाली, 'पण फळी काढली तर माणसं येणार नाहीत.' मॅडमनी विचारलं, 'भांडणं आहेत ना या गावांची? आपलं कुठं जातं हे यांना माहीत आहे?' 'नाही,' वेतुरिया म्हणाली, 'आणि तुम्हीही सांगू नका.' मॅडमनी वही मिटली, डोळे पुसले, पण म्हणाल्या काय? 'अट ती अट. एकशे एकोणपन्नास झालेत. आज शेवटचा दिवस.'

आता सांगा, मी काय करायचं? आत गेलं पाहिजे, पण रिकाम्या हातानं जायचं कसं? कोटात पालिंकाची बाटली होती, चांगली कडक दारू, पण ती मी सकाळीच संपवलेली! मग काय, दवाखान्याच्या आडावर गेलो, पाणी भरलं, बूच ठोकलं. काचेतल्याला वास थोडाच येतोय? ठेवली फळीवर. पाकुरार म्हणाले, 'वा काका, काय नितळ आहे!' मी मनात असा हसलो... आणि वायरी लागल्या, कागदाची पट्टी सरकायला लागली, तसे पाकुरार हसायचे थांबले. मॅडमच माझा हात धरून म्हणाल्या, 'आजोबा, हलू नका.' तासाभरात क्लुजच्या वाटेला, दोरी बांधलेल्या गाडीतून! छातीत स्प्रिंग बसवली. एक दिवस उशीर झाला असता तर हे तुम्हाला फिरुत्सानं सांगितलं असतं, तेही रडत. मशीन राहिलं. मॅडम जाताना फळीवर बिस्किटांचा पुडा ठेवून गेल्या म्हणे!

तीन आठवडे अंथरुणात. दारू बंद, जन्मभर. एक दिवस वेतुरिया टोपली घेऊन आली, तिच्या वहीत आता मीही! टोपलीत सहा अंडी, चीज, आणि माझीच बाटली. म्हणाली, 'पाकुरारांनी मुद्दाम तुम्हाला द्यायला सांगितलंय, काका. म्हणाले, त्यांना आता हीच मानवेल.' चेहऱ्यावरची रेघ हलली नाही हो तिच्या! समोर बसून राहिली, पेलाही तिनंच भरला.

काय करता... प्यालो. आपल्याच आडाचं, तेही तीन आठवड्यांचं शिळं!