डेसाच्या पट्टीतलं गाणं

डेसा : रेकॉर्डिंगला हीटर तुम्ही बंद करता आणि गारठते मी. वर या हेडफोनला कुणाच्या तरी केसांचं तेल. कानाला चिकटतंय मेलं.

थर्मन : हीटरची घरघर टेपवर येते, डेसा. हे काय आज सांगायला हवं तुला?

डेसा : घरघर येते. माझी कुरकुर येत नाही, तेवढं बरंय.

थर्मन : झालं आता तुझं काम. घरी जा, मासे तळायला घे, हॉलिसपण येतोय जेवायला. हॉलिस, त्या नव्या गायिकेला, डॅरलीनला आत बोलव. डेसानं गायलेलं ऐकून झालंय तिचं, आता तसंच म्हणेल.

हॉलिस : ती नाही येत. बाहेर गाडीत बसून रडतेय.

थर्मन : रडू दे. रडल्यावर गळा मोकळा होतो.

हॉलिस : मघाच्या तालमीत दुसऱ्या कडव्यात वर जाताना तिचा श्वास संपला. कालच्या पोरीचाही तिथंच संपला होता.

थर्मन : आजकालच्या पोरींच्यात दमच नाही. चार वर्षं चर्चमध्ये उभं राहून गायल्या असत्या, तर...

डेसा : पोरींना कशाला बोल लावतोस? गाणं कुठल्या पट्टीत बांधलंस?

थर्मन : सुचलं त्या पट्टीत.

डेसा : माझ्या पट्टीत सुचलं. दरवेळी माझ्याच पट्टीत सुचतं तुला. मी भांडी घासताना गुणगुणते, तू दाराशी उभा राहून माप घेतोस. कपडा माझ्या अंगाचा शिवायचा आणि भलतीला म्हणायचं, घाल, जरा अंग चोरून घे.

हॉलिस : दोन सूर खाली घेऊ या का?

थर्मन : खाली घेतलं की मरतं ते. करून पाहिलं नाही का आपण?

डेसा : मग आहे ते राहू दे.

थर्मन : म्हणजे?

डेसा : मी आत्ता गायले ते. पुसू नका. तेच बाहेर जाऊ दे, माझ्या नावानं.



थर्मन : डेसा, ते नुसतं वाट दाखवायला असतं. गायिकेनं ऐकायचं, उचलायचं, मग ते पुसून तिथंच तिचा आवाज घ्यायचा. टेपवर जागा एकाच आवाजाची आहे. आजवर असंच करत आलोय.

डेसा : हो ना. रेडिओवर बायका माझा श्वास घेतात. मी जिथं थांबते तिथं थांबतात, मी एकदा खोकला आवरला तर तोसुद्धा आवरतात. आपला मार्कस विचारतो, ही बाई तुझ्यासारखी का गाते गं?

थर्मन : पुढचं गाणं तुझं. शब्द देतो.

डेसा : लग्नाच्या वर्षी म्हणालास, तुझ्या बाबांना चर्चबाहेरचं गाणं खपणार नाही. बाबा म्हणाले, गाऊ दे की. तर मार्कस पोटात. मार्कस शाळेत गेला, तर रेकॉर्ड कंपनीला कोवळा चेहरा हवा. आता काय?

थर्मन : आता लोकांना नाचायचं असतं. असलं काळजातलं कोण ऐकतं?

डेसा : हे नवीन हं. हे अजून ऐकलं नव्हतं.

थर्मन : मी नाही सोडलं गाणं? शिकागोपर्यंत वाजत होतं माझं नाव! तरी स्वतःचा आवाज बाजूला ठेवला, गाणी लिहिली, दुसऱ्यांना उभं केलं. त्याग म्हणतात त्याला.

डेसा : घसा बसला होता तुझा, राजा. आलं-मध मी करून द्यायचे. त्याग कुठला आलाय!

थर्मन : हसा. पण कंपनीचा माणूस चर्चमध्ये आला त्या रविवारी सगळे उभे राहिले होते माझ्या कडव्याला. त्यानं डोळ्यांनी पाहिलं.

हॉलिस : आधीचं कडवं हिचं होतं. लोक हिच्यासाठी उठले. तुझं सुरू झालं तरी बसायचं विसरले.

थर्मन : चेष्टा करतोयस माझी?

हॉलिस : ऑर्गनवर मी होतो. तिथून सगळं दिसतं.

थर्मन : बहिणीची वकिली पुरे. टेप मागं घे आणि पूस ते.

हॉलिस : नाही.

थर्मन : काय?

हॉलिस : आजवर मीच पुसत आलो. सख्ख्या बहिणीचा आवाज. प्रत्येक वेळी वाटायचं, हा पुढच्या वेळी ठेवेल. आज माझ्याच्यानं होणार नाही. बटण तुझ्याही हाताशी आहे, तू दाब.

डेसा : दाब ना. बघते मी.

थर्मन : तुम्ही दोघं ठरवून आलायत.

हॉलिस : एवढंच सांग, त्यात वाईट काय आहे?

थर्मन : वाईट काही नाही.

डेसा : मग?

थर्मन : तुला नाही कळायचं. एकदा हे बाहेर गेलं, की मग लोक... मग माझं...

डेसा : बोल की. तुझं काय?

थर्मन : बाहेर ती पोरगी थंडीत बसलीय आणि आपण इथं...

हॉलिस : थर्मन, ही तुझ्यापेक्षा चांगली गाते.

डेसा : हॉलिस, राहू दे. नको.

हॉलिस : तुझा आवाज शाबूत होता, तेव्हासुद्धा तुझ्याहून चांगली गायची.